विश्लेषण : फिक्स्ड गिअर सायकलला चेन टेन्शनर कोणता हवा? चुकीचा निवडल्यास धोका काय?

साध्या सायकलची चेन उतरली, तर हात काळे होतात आणि पाच मिनिटे वाया जातात. फिक्स्ड गिअर सायकलची चेन धावताना उतरली, तर मागचे चाक जागीच अडकू शकते. त्यामुळे ‘फिक्सी’ घेणाऱ्याने किंवा जुन्या सायकलची फिक्सी करून घेणाऱ्याने चेनचा ताण आणि तो राखणारा टेन्शनर या दोन गोष्टी समजून घेणे गरजेचे आहे. टेन्शनर हा छोटा भाग असला, तरी तो निवडताना हमखास एक चूक होते. ती कोणती?

फिक्स्ड गिअर सायकल वेगळी कशी?

नेहमीच्या सायकलच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असते. पाय थांबले तरी चाक फिरत राहते. फिक्स्ड गिअरमध्ये मागचे दातेरी चक्र, म्हणजे कॉग, थेट हबवर घट्ट बसवलेले असते. चाक फिरते तोवर पेडलही फिरतेच. वेग कमी करायचा असेल, तर चालक पायांनी पेडलला उलटा जोर देतो. वेलोड्रोममधील ट्रॅक सायकली याच प्रकारच्या असतात. जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेल्या केरिन शर्यतीही अशाच सायकलींवर होतात.

चेनचा ताण इतका महत्त्वाचा का?

पुढे पेडल मारताना चेनची वरची बाजू ताणलेली असते आणि खालची सैल. उलटा जोर देताच हे चित्र पालटते. चाक चेनला ओढू लागते, खालची बाजू ताणली जाते आणि सैलपणा वर येतो. चेन फार ढिली असेल, तर याच क्षणी ती दातांवरून निसटते. निसटलेली चेन कॉग आणि फ्रेमच्या मध्ये अडकली, की चाक थांबते. अडकली नाही, तरी पायांनी वेग आवरण्याची सोय संपते. पुढचा ब्रेक नसेल, तर चालकाच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून रस्त्यावर फिक्सी चालवताना निदान पुढचा ब्रेक हवाच.

स्प्रिंगचा टेन्शनर का चालत नाही?

हमखास होणारी चूक हीच. बाजारात ‘सिंगल स्पीड टेन्शनर’ म्हणून मिळणाऱ्या भागात एक छोटी दांडी, तिच्या टोकाला पुली आणि आत स्प्रिंग असते. पुली चेनच्या खालच्या बाजूला दाबून धरते. फ्रीव्हील असलेल्या सायकलला तो उत्तम चालतो, कारण तिथे खालची बाजू नेहमीच सैल असते. फिक्सीमध्ये मात्र उलटा जोर देताच खालची चेन सरळ ताणली जाते आणि दांडीला जोराने ढकलते. दांडी वाकते, तुटते किंवा चेन उतरते. तुटलेला तुकडा स्पोकमध्ये जाण्याचीही भीती असते. त्यामुळे फिक्स्ड गिअरला स्प्रिंगचा टेन्शनर लावू नये.

मग कोणता लावावा?

त्यासाठी आधी फ्रेमच्या मागच्या टोकाकडे, म्हणजे चाकाचा एक्सल जिथे बसतो त्या खाचेकडे पाहावे लागते.

मागे उघडणारी आडवी खाच : ट्रॅक फ्रेमला अशी खाच असते. आपल्याकडच्या काळ्या रोडस्टर सायकलीतही चाक असेच मागेपुढे सरकवून चेन ताणतात. इथे स्क्रूचा टेन्शनर, म्हणजे ‘चेन टग’ वापरावा. त्याची कडी एक्सलवर बसते आणि स्क्रू फिरवला, की चाक मागे ओढले जाते. पेडल पुढे मारा वा उलटा जोर द्या, चेन एक्सलला पुढेच ओढते. टग नेमका तोच सरकाव अडवतो.

पुढे उघडणारी तिरकी खाच : जुन्या रोड सायकलींना ही असते. चाक सरकवता येते, पण ट्रॅकसाठीचा टग सहसा बसत नाही. काही फ्रेमच्या खाचेत मागून छोटा स्क्रू असतो. तो चाक मागे जाण्यापासून अडवतो, पुढे येण्यापासून नाही. इथे सगळी भिस्त घट्ट नटांवरच.

उभी खाच : यात चाक मागेपुढे होतच नाही आणि टगचा उपयोग नसतो. पर्याय दोन : एक्सेंट्रिक हब किंवा एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेट. दोन्हींत आस मध्यापासून थोडा बाजूला असतो. तो फिरवून चेन ताणता येते. दोन्ही महाग पडतात. कमी बजेट असेल, तर फिक्सीसाठी अशी फ्रेम न घेणेच बरे.

टग घेताना काय तपासावे?

पहिले, एक्सलची जाडी. ट्रॅक हबचा मागचा एक्सल बहुधा १० मिमी असतो, तर काही बीएमएक्स हबचा १४ मिमी. दुसरे, फ्रेमच्या टोकाची जाडी आणि आकार. स्क्रूची टोपी तिथे नीट टेकली पाहिजे. तिसरे, टग बसवल्यावर नटाला पुरेसे आटे उरतात का. चौथे, पावसात चालवणार असाल तर स्टेनलेस स्टीलचा टग घ्यावा. गंजलेला स्क्रू ऐनवेळी फिरत नाही. एकच घ्यायचा असेल, तर चेनच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे लावावा. दोन्हीकडे लावल्यास चाक सरळ ठेवणे सोपे जाते.

टगशिवाय चालत नाही का?

चालते. अनेक ट्रॅक सायकलपटू नुसत्या नटांवर चाक पक्के करतात. टग ताण ठरवायला मदत करतो. चाक धरून ठेवण्याचे मुख्य काम नटांचेच. मात्र रोज शहरात चालवणाऱ्याला, पायात जोर असलेल्याला किंवा ज्याचे चाक वारंवार सरकते त्याला टगचा खर्च वसूल होतो.

ताण किती ठेवावा?

चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली हलवल्यावर साधारण अर्धा इंच, म्हणजे १२ मिमी हालचाल हवी. चेनव्हील क्वचितच अचूक गोल असते. म्हणून पेडल हळूहळू फिरवून चेन सर्वांत घट्ट होते ती जागा शोधावी आणि ताण तिथेच मोजावा. अतिघट्ट चेन बेअरिंग आणि दाते झिजवते, पेडलही जड जाते. ४८ दातांच्या चेनव्हीलसोबत १६ ऐवजी १७ दातांचा कॉग लावला, तर चाक सुमारे ३ मिमी पुढे येते. चेनला एक इंच जोडल्यास चाक सुमारे १२.७ मिमी मागे जाते. खाचेत तेवढी जागा आहे का, हे आधी पाहावे.

चेन झिजली असेल, तर टग कितीही फिरवून उपयोग नाही. नव्या चेनच्या १२ पूर्ण जोड्या बरोबर १२ इंच भरतात. पट्टी लावून हे अंतर इंचाच्या सोळाव्या भागाने जास्त आले, तर चेन बदलायची वेळ झाली.

काम करताना कोणती काळजी?

सायकल उलटी किंवा स्टँडवर असताना फिरत्या चेनला कधीही बोट किंवा फडके लावू नये. फ्रीव्हील नसल्याने बोट दातांत गेले तरी चेन थांबत नाही, चाकाच्या वेगाने ती पुढे ओढतच राहते. यात बोट तुटू शकते. तेल घालताना, ताण तपासताना चाक पूर्ण थांबलेले असावे आणि पेडल हातानेच सावकाश फिरवावे. शेवटी दोन्ही नट पान्याने पुन्हा घट्ट करावेत. पहिल्या फेरीनंतर ताण परत पाहावा.