योगाभ्यासाला आरंभ (६) : मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी

ठरल्याप्रमाणे आज दीर्घ श्वसन घ्यायचं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो. गेल्या लेखानंतर शवासनाबद्दल प्रश्न येतील असं वाटलं होतं, पण आलेली बहुतेक पत्रं मांडीबद्दलची आहेत. साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक लिहितात, की मांडी घातली की गुडघे वर येतात, पाठीला पोक येतो आणि थोड्याच वेळात कंबर भरून येते. मला योग जमणार नाही असं समजायचं का? एका ताईंनी तर वर्ग सोडला. बाकीच्या पद्मासनात बसतात आणि आपण तेवढ्या पाय पसरून, याची त्यांना लाज वाटायला लागली.

हे वाचल्यावर श्वासाकडे वळणं मला शक्य नव्हतं. मांडी येत नाही म्हणून कोणी योगाभ्यास सोडावा, याइतकी हळहळ लावणारी गोष्ट या विषयात दुसरी नाही. कारण यावरचा उपाय तुमच्या कपाटात घडी घालून ठेवलेला आहे.

आधी एक परीक्षा करून पाहा. जमिनीवर साधी मांडी घाला आणि एका हाताची बोटं मागे कमरेच्या मणक्यांवर फिरवा. मणक्यांचे उंचवटे बोटांना टोचल्यासारखे बाहेर आलेले लागले, तर तुमची बैठक मागे कलंडली आहे. ज्या दोन हाडांवर वजन पडायला हवं त्यांच्या मागे, माकडहाडाकडे ते सरकलंय. कमरेचा नैसर्गिक बाक त्यामुळे पुसला जातो, छाती आत बसते, पोट दाबलं जातं आणि श्वासपटलाला खाली यायला जागा उरत नाही. असं बसून कोणी कितीही दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं, तरी तो खांदे उचलूनच घेतला जाणार. दीर्घ श्वसन पुढे ढकललं ते म्हणूनच.

आता एक जाड चादर घ्या. सोलापुरी चादर यासाठी उत्तम, कारण ती दाबली जात नाही. उशी घेऊ नका. ती वजनाखाली एका बाजूला खचते आणि आपण वाकडे बसतो. चादरीची घट्ट, सपाट घडी करून साधारण चार बोटं उंची करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा. पाय घडीवर नकोत, जमिनीवर हवेत. पुन्हा कमरेला हात लावा. मणके आत गेले? नसतील तर आणखी एक घडी चढवा. गुडघे खुब्यांच्या पातळीला किंवा खाली आले, की उंची पुरेशी झाली. कुणाला दोन घड्या लागतील, कुणाला पाच. ज्याची त्याची उंची वेगळी.

पायांची ठेवणही बघू. टाचा ओढून जांघेत घेऊ नका. नडग्या एकमेकींवरून अशा जाऊ द्या, की प्रत्येक पाऊल समोरच्या गुडघ्याखाली येईल. तरीही गुडघे अधांतरी राहत असतील, तर त्यांच्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवा. अधांतरी गुडघा सावरून धरायला जांघेतले स्नायू सतत काम करत राहतात, आणि तेच ठणकतात. टेकू मिळाला की ते सैल सोडतात. आज उजवा पाय पुढे असेल तर उद्या डावा घ्या. आपल्याला एकाच बाजूची सवय असते. दुसरी बाजू सुरुवातीला परकी वाटेल, वाटू द्या.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका, आणि कुणाला करूही देऊ नका : गुडघ्यांवर हात ठेवून ते खाली दाबणं. मांडी घालताना पाय बाहेर वळतो तो खुब्यात. खुब्याचा सांधा गोल खोबणीतला, सगळीकडे फिरणारा. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. उघडणं-मिटणं हे त्याचं काम, पीळ तो फार थोडा सोसतो. खुबा वळत नसताना गुडघा दाबला, की तो पीळ गुडघ्याच्या आतल्या कूर्चेच्या गादीवर पडतो, आणि ती एकदा फाटली की सहजासहजी सांधत नाही. जांघेत ताण जाणवला तर हरकत नाही. गुडघ्यात कळ आली, तर तत्क्षणी पाय सोडवा. पद्मासनात ही जोखीम सर्वांत जास्त, म्हणून नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. खुब्याच्या खोबणीची दिशा आणि मांडीच्या हाडाचा कोन माणसागणिक वेगळा असतो. काहींना पद्मासन आयुष्यभर येणार नाही, त्यात त्यांचा दोष नाही आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नाही.

आधार घेतला की अभ्यास कमअस्सल झाला, असं अनेकांच्या मनात असतं. मला ही समजूत मुळापासून काढायची आहे. योगसूत्रांवरचं व्यासांचं भाष्य उघडून बघा. आसनाच्या सूत्राखाली त्यांनी जी नावं दिली आहेत, त्यांत पद्मासन, वीरासन, स्वस्तिक यांच्या पंगतीत ‘सोपाश्रय’ हेही एक आहे : आधार घेऊन बसण्याचं आसन. टीकाकार वाचस्पती मिश्र हा आधार योगपट्ट्याचा असल्याचं सांगतात. पाठ आणि गुडघे यांना वेढणारा हा कापडी पट्टा. हंपीला गेला असाल तर तो तुम्ही पाहिलाही असेल. कृष्णदेवरायाच्या काळात, १५२८ साली घडवलेल्या त्या भव्य नरसिंहाच्या दोन्ही गुडघ्यांना बांधणारा पट्टा म्हणजे योगपट्टाच. देवाच्या मूर्तीला ज्याचा संकोच वाटला नाही, त्या आधाराचा आपण का मानावा?

आपल्या काळात आधाराला शास्त्राची शिस्त दिली ती बी. के. एस. अय्यंगार यांनी. १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांच्या गुरूंनी म्हणजे कृष्णम्माचार्यांनी त्यांना पुण्याला शिकवायला पाठवलं आणि ते पुण्याचेच झाले. लहानपणी क्षयासह अनेक आजार भोगलेला हा माणूस. ताठर, दुखऱ्या शरीराला काय सोसतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. विटा, दोर, पट्टे, खुर्च्या, लोड, घडीची ब्लँकेटं यांचा एकेका आसनासाठी त्यांनी नेमका वापर बसवला. १९७५ साली मॉडेल कॉलनीत सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत आजही मुरलेले साधक खाली घडी घेऊन बसतात.

अय्यंगारांकडून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. हठप्रदीपिकेत जी चार आसनं श्रेष्ठ म्हणून सांगितली आहेत, ती सिद्ध, पद्म, सिंह आणि भद्र, म्हणजे चारही बैठी. अय्यंगारांच्या १९६६ सालच्या ग्रंथात मात्र आसनांचा क्रम ताडासनापासून, उभ्या आसनांपासून सुरू होतो. खुर्ची, दुचाकी आणि जेवणाचं टेबल यांत वाढलेल्या शरीराला हाच क्रम सोयीचा आहे. खुबे आणि मांड्यांचे मागचे स्नायू उभ्या आसनांत मोकळे होतात, आणि त्याचा लाभ मांडीला आपोआप मिळतो. दुसऱ्या लेखातलं ताडासन सोडलं नसेल, तर तुमची मांडी सुधारण्याचं काम तेव्हापासूनच सुरू झालेलं आहे.

ज्यांच्या गुडघ्याचा सांधा बदललाय किंवा ज्यांना डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केलीय, त्यांनी बिनहाताच्या खुर्चीवर पुढच्या कडेला बसावं. पाठ टेकू नये, दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकावेत; ते पोहोचत नसतील तर खाली जाडसं पुस्तक घ्यावं. कमरेच्या मणक्यांची परीक्षा इथेही तीच. नीट बसलेली खुर्ची ही पोक काढून घातलेल्या पद्मासनापेक्षा कितीतरी चांगली.

पाय बधिर होण्याबद्दलही विचारणा आहे. बसताना नसेवर दाब आला की मुंग्या येतात. पाय लांब केल्यावर त्या लवकर जायला हव्यात. रेंगाळत असतील तर बैठक कमी करा, उंची वाढवा, आणि तरी राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा.

या आठवड्याचा अभ्यास एवढाच : सकाळी आणि संध्याकाळी पाच-पाच मिनिटं या बैठकीत बसा. डोळे मिटायची सक्ती नाही, श्वासाला हात लावायचा नाही. पाठ थकली तर भिंतीला टेका आणि पुन्हा सुटे व्हा. आपल्या चादरीच्या किती घड्या लागल्या ते लिहून ठेवा, कारण पुढच्या आठवड्यात दीर्घ श्वसन त्याच उंचीवर बसून करायचं आहे. आणि वर्ग सोडलेल्या ताईंना माझी विनंती : चादर बगलेत घ्या आणि उद्यापासून पुन्हा वर्गाला जा.