दीड एकराची शू

हसून घ्या एकदाचं! आज आपण शूबद्दल बोलणार आहोत, आणि तेही चक्क आकडेमोड करत.

गावाकडच्या बऱ्याच घरांत संडासाचं पाणी सेप्टिक टँकमध्ये जातं. तिथे मैला तळाशी बसतो आणि वरचं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं. मुरता मुरता गाळलं जातं, वास जातो, बरेचसे रोगजंतूही वाटेतच मरतात. एक पठ्ठ्या मात्र कुणाच्या हाती लागत नाही. नायट्रेट!

लघवीत युरिया असतो (हो, शेतात टाकतात तोच). टाकीत त्याचं अमोनियम होतं. पुढे हवा खेळत्या मातीत जिवाणूंच्या दोन टोळ्या कामाला लागतात. पहिली अमोनियमचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. अमोनियमवर धन भार आणि मातीच्या बारीक कणांवर ऋण, म्हणून माती अमोनियमला धरून ठेवते. नायट्रेटवर मात्र ऋण भार! मग माती कशाला त्याला थांबवतेय? पाणी जिकडे, तिकडे तो. मुरमातून, काळ्या पाषाणाच्या भेगांतून थेट विहिरीत. रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळलं तर? वाफ होते ती पाण्याची, नायट्रेट भांड्यातच राहतं.

आता वही-पेन्सिल घ्या. मोठ्या माणसाच्या शरीरातून दिवसाला साधारण १० ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो, त्यातला बहुतेक लघवीतून. त्या सगळ्याचं नायट्रेट झालं, तर सुमारे ४५ ग्रॅम भरेल. आणि आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात चालतं किती? लिटरला ४५ मिलिग्रॅम. म्हणजे एकाच माणसाचं एका दिवसाचं नायट्रेट १,००० लिटर पाण्याला पार मर्यादेपर्यंत नेऊ शकतं! वर्षाचे झाले ३,६५,००० लिटर.

एवढं पाणी जमिनीत येणार कुठून? पावसातून. समजा, गावात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला दहावा हिस्सा मुरला. दर चौरस मीटरला झाले ६० लिटर. करा भागाकार. ६,०८३ चौरस मीटर. एका माणसामागे दीड एकर!

खरं तर सगळा नायट्रोजन विहिरीपर्यंत पोचत नाही. थोडा गाळात अडकतो, थोडा जिवाणू परत हवेत सोडतात. पण गावठाणात घराला घर चिकटलेलं. दीड एकर सोडा, माणसामागे दोन गुंठे मिळाले तरी खूप! म्हणून संडास विहिरीपासून लांब बांधणं रोगजंतूंसाठी ठीक, पण नायट्रेटसाठी नुसतं अंतर मोजून भागत नाही. माणसं मोजावी लागतात, आणि पाऊसही.

एवढी काळजी कशाला? १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी लिहून ठेवलं, की विहिरीच्या पाण्यात कालवलेलं बाटलीचं दूध पिणारी तान्ही बाळं निळी पडत होती. नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नव्हता. पाणी बदललं, बाळं सावरली.

पण थांबा, सगळं खापर संडासावर कसं फोडायचं? शेतातला युरिया आहे, गोठा आहे. शास्त्रज्ञ मग नायट्रोजनचे अणू तपासतात. खतातला नायट्रोजन हवेतून घेतलेला, त्यात जड अणू हवेइतकेच. मलमूत्रातले हलके अणू अमोनियाबरोबर उडून जातात, म्हणून उरलेल्यात जड अणूंचं प्रमाण वाढतं. खत वेगळं पडलं. पण माणूस की म्हैस?

इथे मदतीला येतं असेसल्फेम, बिनसाखरेच्या कोल्ड्रिंकमधलं गोड रसायन. ते आपल्या पोटात पचत नाही, जसंच्या तसं बाहेर पडतं. स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांना २००९ मध्ये ते भूजलात सापडलं. म्हैस काही बिनसाखरेचं कोल्ड्रिंक पीत नाही! आणि गावातही कुणी पीत नसेल, तर चहातलं कॅफिन शोधायचं. ते मातीतले जिवाणू लवकर फस्त करतात, त्यामुळे विहिरीत कॅफिन मिळालं, की गळती जवळपासच शोधावी.