एका मापाचे थेंब : हिशेब काय सांगतो?

क्रीम, लोशन बनविणाऱ्या आपल्या छोट्या कारखानदार बंधूंची एक जुनी तक्रार आहे. बाटली दुकानात दोन महिने राहिली की तेल वर आणि पाणी खाली. गिऱ्हाईक माल परत आणते, नाव बदनाम होते ते वेगळेच. दोष पुष्कळदा सामग्रीचा नसून घुसळण्याचा असतो. मिक्सरमध्ये थेंब लहानमोठे पडतात आणि मोठा थेंब घाई करतो. व्यास दुप्पट झाला की त्याचा वर चढण्याचा वेग चौपट होतो.

घुसळण्याऐवजी थेंब एकेक करून कापण्याची एक युक्ती अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या थॉर्सन, रॉबर्ट्स, अर्नोल्ड व क्वेक यांनी २००१ साली प्रसिद्ध केली. केसाइतक्या बारीक नालीतून तेल वाहते. बाजूने दुसरी नाली, इंग्रजी टी अक्षरासारखी, तिला येऊन मिळते; तिच्यातून पाणी. पाण्याची जीभ आत शिरली की तेलाची वाट अडते, मागे दाब साठतो आणि तेलच ती जीभ मुळाशी कापते. थेंब सुटला, वाट मोकळी, पुन्हा तेच. दोन्ही प्रवाह स्थिर असले तर सारे थेंब जवळजवळ एका मापाचे पडतात. हाताने पिचकारी दाबून मात्र हे जमत नाही, पंपच हवा. धुळीचा एक कण नाली बंद करतो, म्हणून दोन्ही द्रव आधी गाळून घ्यावे लागतात. अत्तरवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : या नाल्या बहुधा सिलिकॉन रबरात पाडतात आणि ते रबर अनेक सुगंधी तेलांत फुगते. तेथे काचच बरी.

आता व्यापाऱ्याचा हिशेब. १०० मायक्रॉन व्यासाचे एक लिटर थेंब म्हणजे सुमारे १९१ कोटी थेंब. एक नाली सेकंदाला हजार कापते असे धरले, तरी बावीस दिवस! शेकडो नाल्या एकत्र जोडता येतात, पण साऱ्यांत प्रवाह सारखा ठेवणे हीच मोठी डोकेदुखी. बादलीभर क्रीमसाठी हे यंत्र घेणे आमच्या मते पैसे पाण्यात घालणे होय. थेंबाथेंबाला किंमत आहे अशा ठिकाणीच ते परवडते. जनुक तपासणीच्या एका यंत्रात एकच नमुना वीस हजार थेंबांत वाटून मोजतात. शिवाय कापलेले थेंब पुन्हा एकमेकांत मिसळू नयेत म्हणून साबणाच्या जातीचा पदार्थ घालावाच लागतो. तो खर्च येथेही सुटत नाही.