जमखंडीची नारिंगी रेघ

विजयदुर्ग किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’पाशी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. १८६८ साली त्या दिवशी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरनं इथून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला, असं सांगतात. मी आनेकल तालुक्यात राहतो. इथल्या बोम्मसंद्र्याच्या रुग्णालयांतली एमआरआय यंत्रं पाहून हेलियमचा नाद लागला. त्यांची चुंबकं उणे २६९ अंश सेल्सियसच्या द्रव हेलियममध्ये थंड ठेवतात. त्या वायूचा माग काढत गेलो, तो विजयदुर्गाची तारीखच डळमळली.

लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. सौरज्वालांचा वर्णपट त्यानं २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवायच, तिथूनच टिपला. विजयदुर्गाला तो आला खरा, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. ओटे त्या मोहिमेचे असावेत, असं मला वाटतं.

मग १८६८चा मान कुणाचा? ते ग्रहण पाहायला गुंटूरला जान्सेन आणि टेनंट होते, मछलीपट्टणला पॉगसन. माझं मन मात्र पटवर्धनांच्या जमखंडीत रेंगाळतं. तिथं रॉयल सोसायटीनं पुरवलेला वर्णपटदर्शक घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. ऐन पावसाळा, ढग पाठ सोडीनात. जरा उघडीप मिळाली तेव्हा सूर्याच्या कडेवरच्या ज्वालेत त्याला तीन झगझगीत रेघा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. घाईघाईनं मोजमाप घेऊन नारिंगी रेघ सोडियमच्या जागीच आहे, असं त्यानं नोंदवलं. आपल्या यंत्राला जेवढं कळतं तेवढ्यापुरतंच, असंही प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

पण ती रेघ सोडियमची नव्हती, हेलियमची होती. फरक होता जेमतेम दीड नॅनोमीटरचा. सोडियमची जोडरेघ ५८९.० आणि ५८९.६ला, ही ५८७.६ला. सोडियम आवर्तसारणीच्या पहिल्या गटातला. त्याच्या तिसऱ्या कक्षेत एकटा इलेक्ट्रॉन, आणि त्याचीच हालचाल ती पिवळी जोडरेघ उमटवते. हेलियमकडे इलेक्ट्रॉन दोनच, आणि तेवढ्यात पहिली कक्षा भरते. सूर्याच्या धगीत त्यातला एक वर चढतो, तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर उतरताना ही रेघ सोडतो. कक्षा भरलेली, म्हणून हा कुणाशी संयोग करत नाही. प्रयोगशाळेत सापडायला १८९५ उजाडलं. रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला तो युरेनियमच्या खनिजात मिळाला. त्याचे भाईबंद क्रिप्टॉन, निऑन, झेनॉन १८९८च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत सापडले आणि आजचा अठरावा गट भरत गेला.

त्याच वर्षी जानेवारीत लॉकियर विजयदुर्गावर असताना पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते. त्या ग्रहणाचा अहवालही त्यांनी छापला. हेलियम दिनाच्या भाषणांत जमखंडीच्या हर्शेलबरोबर या नायगमवालांचं नाव यायलाच हवं, आणि २२ जानेवारीही विजयदुर्गानं आपली मानावी.