२१ दिवस, १०,००० तास आणि जयप्रभा

नोकरीत स्वतःला सुधारायचं म्हटलं की दोन आकडे हमखास ऐकवले जातात: सवय लागायला २१ दिवस आणि तरबेज व्हायला १०,००० तास. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं ते एवढंच, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे फिलिपा लॅली या संशोधिकेने लंडनमध्ये ९६ जणांच्या रोजच्या सवयी तपासल्या, तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं. १०,००० हा आकडा मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांच्या १९९३ च्या निबंधातला, बर्लिनच्या उत्तम व्हायोलिनवादकांच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या सरावाची सरासरी. तो सराव एकट्याने केलेला होता हे खरं, पण काय सुधारायचं ते शिक्षक सांगत. लोकांनी तास लक्षात ठेवले, शिक्षकांना मात्र ते विसरले.

मूळ गैरसमज इथेच आहे. सुधारणा म्हणजे कामावरून सुटल्यावर मनाच्या जोरावर एकट्याने उरकायची खासगी गोष्ट, असं आपण धरून चालतो. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला जयप्रभा स्टुडिओ वेगळं सांगतो. १९३३ मध्ये कोल्हापूर सिनेटोन म्हणून सुरू झालेली ही वास्तू पुढे चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे आली. चिकोडीजवळच्या खडकलाटची एक मुलगी १९४० च्या दशकात तिथे पगारावर लागली. तिच्या बोलण्यात गावाकडचा हेल होता. भालजींनी तिच्याकडून वाचन करवून घेतलं, उच्चार घासून घेतले, नावही दिलं: सुलोचना. शिकणं आणि नोकरी एकाच छपराखाली चालली होती.

यावर कुणी म्हणेल, एका गुणी अभिनेत्रीवरून काय सिद्ध होतं? एकटीवरून काहीच नाही. पण याच शहरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल अशी माणसं काम करता करता घडली आणि १९२९ मध्ये त्यांनी 'प्रभात' फिल्म कंपनी उभी केली. इतके गुणी लोक योगायोगाने एकाच कंपनीत जमले, असं मानणं मला तरी जड जातं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साहेबांनी चुका काढल्या की माणूस सुधारण्याऐवजी खचतो. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अशा अभिप्रायांवरचे ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. एकूण फायदा दिसला, तरी तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळा काम उलट बिघडलं होतं. अभिप्रायाचा रोख कामावरून माणसावर गेला की त्याचा गुण कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. 'हा शब्द असा उच्चार' आणि 'तुला बोलताच येत नाही' यांतला फरक तो हाच. वर्षातून एकदा गुण आणि शेरे देणारं मूल्यमापन बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचं असतं, म्हणून त्याचा धसका बसतो आणि उपयोग होत नाही.

प्रत्येकाला भालजी भेटत नाहीत, हे मान्य. पण मार्चअखेरच्या शेऱ्याची वाट कशाला पाहायची? या आठवड्यातलं एक पत्र, एक हिशेब किंवा एक जोडकाम जाणत्या सहकाऱ्यापुढे ठेवा आणि 'मी कसा आहे' असं न विचारता 'यात नेमकं कुठे चुकलंय' एवढंच विचारा.