डायलवरचे दोन आकडे

आमच्या माधव नगरच्या घरी आजोबांचा जुना रेडिओ आहे. त्याच्या काचेवर दोन पट्ट्या छापल्यात, वर किलोहर्ट्‌झ आणि खाली मीटर. एक आकडा वाढला की दुसरा घटतो. आजोबा दिवसा ६४८ वर आकाशवाणी इंदूर लावायचे आणि रात्री ५५८ वर खरखरीतून मुंबईचं मराठी शोधत बसायचे. "हे मीटर कसले?" मी एकदा विचारलं. "लाटेची लांबी," म्हणाले. पुढचं त्यांनाही सांगता येईना.

मी साहित्यवाली, त्यामुळे सूत्र म्हटलं की पान उलटायचं ही सवय. पण यात साधा भागाकारच आहे. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने, सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर धावतात. ६४८ किलोहर्ट्‌झ म्हणजे मनोऱ्यावरून सेकंदाला ६,४८,००० लाटा सुटतात. सेकंद संपताना पहिली लाट तीन लाख किलोमीटर पुढे गेलेली असते आणि शेवटची नुकतीच निघत असते. त्या अंतरात सगळ्या लाटा ओळीने बसल्यात, तर एकीच्या वाट्याला किती? ३,००,००० भागिले ६४८, सुमारे ४६३ मीटर. मुंबईची ५३८ मीटर.

इथे किलोमीटर आणि किलोहर्ट्‌झमधले हजार एकमेकांना उडवतात, म्हणून उत्तर थेट मीटरमध्ये येतं. मी आधी वेग मीटरमध्ये घेतला आणि ६४८ तसेच ठेवले, तर लाट ४६३ किलोमीटरची निघाली! इंदूर इथून जेमतेम ५५ किलोमीटर. मेगाहर्ट्‌झ असेल तर ३०० ला त्या आकड्याने भागायचं, बस्स.

पण लांबी कळून करायचं काय? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. या तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. मग भोकांतून लहरी निसटत नाहीत? अवकाशातल्या हायड्रोजनची लहर १४२० मेगाहर्ट्‌झची. ३०० भागिले १४२०, म्हणजे २१ सेंटीमीटर. जाळीची भोकं सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची. एवढ्या लांब लाटेला ती जाळी सलग आरशासारखीच. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच हिशोबावर वजन आणि खर्च वाचवला, कारण जाळीतून वारा निघून जातो, मग सांगाडाही हलका चालतो. प्रकाशाची लाट मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. ती आरपार जाते, म्हणून तबकडीतून पलीकडचं आकाश दिसतं.