दगडाखालची नदी

२५ अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. शहरातलं एक लिटर मैलापाणी कुजवताना जिवाणू पाच दिवसांत साधारण दोनशे मिलिग्रॅम प्राणवायू फस्त करतात. म्हणजे एक बादली मैलापाणी पंचवीस बादल्या चांगल्या पाण्याचा प्राणवायू संपवू शकतं. पुण्यातल्या मुठेकडे पाहताना हा हिशेब डोक्यात ठेवावा. खडकवासला धरणाच्या खाली उन्हाळ्यात तिच्यात स्वतःचं असं पाणी फारसं नसतंच. पंचवीस सोडा, पाच बादल्यांची मारामार.

अशा नदीसाठी चार हौशी माणसं काय करणार? इकॉलॉजिकल सोसायटीच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या काहींनी २०१४च्या सुमारास ‘जीवितनदी’ हा गट सुरू केला. विठ्ठलवाडीला मुठेचा आणि औंधला राम-मुळा संगमाचा काठ त्यांनी ‘दत्तक’ घेतला. कचरा उचलणं, लोकांना काठाकाठाने फिरवून नदी दाखवणं आणि घरातून मोरीत काय जातं ते समजावणं, अशी त्यांची कामं. यातलं शेवटचं मला सर्वांत मोलाचं वाटतं. साबण-शाम्पू-फिनेलमधली काही रसायनं शुद्धीकरण केंद्रातूनही निसटतात. ती मुळात मोरीत न सोडणं हाच स्वस्त उपाय.

कचऱ्याचे ढीग आणि त्यांच्यासोबतचे फोटो बघायला बरे वाटतात. पण सफाईच्या भरात काठ झाडून लख्ख करणं नदीच्या मुळावर येतं. करंज, उंबर, वाळुंज यांची पाण्यात लोंबणारी मुळं आणि लव्हाळ्याचे झुबके गाळ अडवतात, माशांच्या पिलांना आसरा देतात. पाण्यात पडलेला पाला म्हणजे किड्यांचं अन्न. प्लास्टिक आणि मुळांत अडकलेल्या जुन्या साड्या काढाव्यात, पाला राहू द्यावा. पात्रातले दगडही हलवू नयेत. पाणी त्यांच्यावरून खळाळत जातं तेव्हा त्यात हवा मिसळते. नदीला प्राणवायू फुकट मिळण्याची तीच जागा. पात्र सपाट केलं, की खळाळ गेला आणि प्राणवायूही.

त्याच दगडांच्या खाली नदीचा तपासणी अहवाल असतो. एखादा दगड हलकेच उलटून बघावा आणि होता तसाच परत ठेवावा. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असलेली मेफ्लायची अळी दिसली, तर तिथे प्राणवायू भरपूर आहे. नुसत्या लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या सापडल्या, तर गाळात प्राणवायू जवळपास नाही. या अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तिथेही तग धरतात. बाटलीत भरलेला नमुना त्या क्षणाचं पाणी दाखवतो. रात्री कुणी टँकर रिकामा केला, तर सकाळपर्यंत ते पाणी पुढे निघून गेलेलं असतं. किड्यांना पळता येत नाही. गेल्या कित्येक आठवड्यांचा इतिहास त्यांच्या असण्या-नसण्यात असतो.

याला प्रयोगशाळा लागत नाही, लागतो तो नेम. ब्रिटनमध्ये २००७ पासून गळ टाकून मासे धरणारे हौशी लोक दर महिन्याला ठरलेल्या जागी आठ प्रकारचे किडे मोजतात. आकडा ठरावीक पातळीखाली घसरला, की सरकारी पर्यावरण यंत्रणेला कळवतात आणि ती चौकशीला येते.

आपल्याकडे जुनी नोंद अगदीच नाही असं नाही. कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या माशांचं वर्णन केलं, त्यात पुण्याच्या मुळा-मुठेतले मासेही आहेत. कमतरता आहे ती दर महिन्याच्या नोंदींची. मैलापाणी अडवणं महापालिकेचंच काम, ते हातमोजे घालून होणारं नाही. पण नाल्याच्या तोंडाच्या वर आणि खाली, दोन्हीकडच्या नोंदी वर्षभर ठेवल्या, तर कुठला नाला किती बिघडवतो हे कागदावर येईल आणि महापालिकेला ते टोलवणं अवघड जाईल. सुरुवात मात्र पावसाळ्यात करू नये. पुराने दगडांवरचे किडे वाहून जातात आणि मैलापाणीही पातळ होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी उतरलेलं असताना, पहिला दगड उलटावा.